वाळूवरची आखाजी

तापीच्या उत्तर काठाला बोरदे आणि दक्षिण काठाला उंबरगव्हाण, अशी ही समोरासमोरची गावं. या काठावर कुणी गुऱ्हाळ पेटवलं की त्या काठावरच्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं, इतकी जवळ. दोन्हीकडे गुजर शेतकऱ्यांची वस्ती. केळी, ऊस, कापूस. चुलीपाशी गुजरातीच्या वळणाची गुजरी बोलायची, बाजारात अहिराणी, आणि तलाठ्यासमोर उभं राहिलं की घसा खाकरून पुस्तकातली मराठी. यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नसे. घरातलं धोतर वेगळं आणि लग्नातलं वेगळं, तसंच ते.

जसोदाबाई उंबरगव्हाणची लेक आणि बोरद्याची सून. तिचं लग्न साट्यालोट्याचं. तिचा भाऊ रूपचंद, त्याला बोरद्याच्या मगनची बहीण फुलवंता दिली, आणि मगनला जसोदा. त्यामुळे या दोघी एकमेकींच्या नणंदा आणि एकमेकींच्या भावजयाही. भांडण काढायचं तरी कुठल्या नात्यानं, हा प्रश्न पडावा असं गुंतलेलं नातं. दोघींचं पहिल्यापासून गूळपीठ होतं, तेवढं एक बरं.

साट्यालोट्यात एक नेम कडक. कुणी आधी पाठवायची नाही. जो आधी पाठवतो तो खालचा ठरतो. म्हणून लग्नात दोन्ही काठांवरून दोन नावा एकाच वेळी सुटल्या. एक वाहरू नावाड्याची, दुसरी त्याच्या भावाची. मध्यधारेत नावा समोरासमोर आल्या, दोघी नवरींनी एकमेकींना ओझरतं पाहिलं आणि दोघीही रडायच्या ऐवजी हसल्या. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना ते काही आवडलं नाही. दुसरा नेम असा की लेक ओल्या पायांनी पाठवायची नाही. नदी गुडघाभर असली तरी नावेतूनच. ओले पाय मसणातून परतणाऱ्यांचे.

आता इकडे असं चाललं होतं, आणि तिकडे दिल्लीत देशाच्या नकाशावर रेघा मारायचं काम सुरू होतं. पहिली मोठी रेघ स्वातंत्र्याबरोबरच पडली. ती तापीपासून फार लांब, पण तिची धग नंदुरबारला पोचलीच. गाडीनं सिंधी कुटुंबं येऊन उतरली. त्यांतला एक जण पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन खेड्यापाड्यांत फिरायचा. बायका लुगडी बघायच्या आणि तो गेलेल्या घराच्या गोष्टी सांगायचा. लुगडं कमी आणि गोष्टीच जास्त विकायचा म्हणा ना.

त्यानंतर भाषेप्रमाणे प्रांत करायची मागणी उठली. सरकारनं आधी मराठी आणि गुजराती एकाच दावणीला बांधून पाहिले, मुंबईचं मोठं राज्य केलं. दोन्ही बैल लाथा झाडायला लागले. एकोणसाठ साल संपत आलं तेव्हा दावण कापायचं नक्की झालं आणि प्रश्न आला तो काठावरच्या गावांचा. कुठलं गाव कुणाकडे?

मगन मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेला, तळोद्याच्या पुढाऱ्यांत ऊठबस असलेला. तो महाराष्ट्राचा. रूपचंदचा कापूस सुरतेला जायचा, त्याचे मित्र तिकडचे, तो गुजरातचा. मगन घरी येऊन महाराष्ट्राच्या बाजूनं गुजरीत शिव्या द्यायचा आणि रूपचंद गुजरातसाठी अहिराणीत. तोवर सगळं गमतीवारी होतं.

मग तळोद्याला एक सभा झाली. दोन्ही काठांची माणसं आली होती. रूपचंद उठला आणि म्हणाला, "उंबरगव्हाणचं सोडा, समोरचं बोरदेही गुजरातचंच. माझी बहीण तिथं या मगनच्या घरात दिली आहे. जाऊन ऐका, तिथली चूल कोणती भाषा बोलते."

माणसं हसली, टाळ्या पडल्या. मगन पुढच्या रांगेत बसला होता. पागोट्याखाली त्याचे कान लाल झाले. आपली चूल भर सभेत आणली, हे त्याला झोंबलं. तो उभा राहिला.

"जिची साक्ष काढतोस ती तुझी बहीण परत घेऊन जा. माझ्या घरात साक्षीदार नकोत."

"माझी पाठव, तुझी घेऊन जा," रूपचंद म्हणाला.

दोन वाक्यांत दोन संसार मोडीत काढून दोघं घरी आले. भाषणं मात्र अजून चालूच होती म्हणतात.

जसोदाबाई तेव्हा भाकऱ्या थापत होती. मगन आला, लोटाभर पाणी प्यायला आणि पुस्तकातल्या मराठीत म्हणाला, "आजपासून या घरात मराठी बोलली जाईल." तिला वाटलं, कुणी पाहुणा आलाय. मागं वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं. मग सभेतलं सगळं कळलं आणि हातातली भाकरी तव्यावर पडताना दुमडली.

तिला तीन लेकरं. सुपडू, रमिला आणि अंगावर पिणारं एक. लेकरं बापाच्या घरची, हा तिसरा नेम कुणी सांगायलाच नको होता. परत जायची ती एकटीनं.

घरातलं बोलणं त्या दिवसापासून बंद पडलं. जसोदाबाईला मराठी येत नव्हती असं नाही, पण ती मराठी तलाठ्यापुरती होती. लेकराला निजवायची मराठी, सासूला पाठ चोळून देऊ का विचारायची मराठी तिनं कुठून आणावी? सासू दगूबाईची तर आणखी पंचाईत. तिनं जन्मात मराठी फक्त आरतीत ऐकलेली. ती आणि सून एकमेकींकडे बघून हातवारे करायच्या. म्हैस नेहमीच्या हाकेशिवाय पान्हा सोडेना, तेव्हा म्हशीपुरती सूट मिळाली. अहिराणी चालेल का, असं जसोदाबाईनं हळूच विचारून पाहिलं. मगननं शाळेच्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, तो वेगळा प्रश्न आहे. तेव्हा तीही बंद.

पलीकडे काही वेगळं नव्हतं. रूपचंदनं सुरतेची शुद्ध गुजराती घरात आणली होती आणि फुलवंता तोंड उघडेल तिथं तिची चूक निघायची. हे वाहरूकडून कळायचं. तो दोन्ही काठांवर भाकरी खायचा, त्यामुळे त्याला दोन्हीकडचं ठाऊक.

पाठवायचं ठरलं, पण पाठवणार कसं? दोन नावा हव्यात, आणि वाहरूच्या भावाची नाव मागच्या पुरात गेलेली. मगननं वाहरूला बोलावून विचारलं. वाहरूनं कपाळावरचा घाम पुसला.

"मन्ही नाव एकच शे, भाऊ. दोन बाया दोन दिशाले एकच येळे कशा लई जाऊ?"

रूपचंद म्हणे, आधी त्यानं सोडावी. मगन म्हणे, आधी त्यानं. जसोदाबाईचं गाठोडं बांधून कोनाड्यात ठेवलेलं होतं. तिला कपडे लागले की ते सोडायचं आणि पुन्हा बांधायचं. हिवाळा सरला. घरात तिचं नाव पडलं, जाणारी. वर्षाचे पापड घालायला शेजारच्या जमल्या, तेव्हा दगूबाईनं तिला बोलावलं नाही. जाणारीचा हात कशाला, असं तिला वाटलं असावं. त्यात दुष्टावा नव्हता, म्हातारीच्या डोळ्यांत पाणीच होतं. पण सगळ्यांत वाईट गोष्ट वेगळी झाली. धाकट्याला आजीजवळ निजवायला लागले. आईशिवाय झोपायची सवय लागू दे, म्हणून. तो भिंतीपलीकडे रडायचा आणि जसोदाबाई अलीकडे पडून राहायची. उठून गेली तर सवय मोडली म्हणतील, नाही गेली तर छाती फुटते. ज्या घरात ती नऊवारी खोचून मालकिणीसारखी फिरायची तिथं कुठं बसावं हेच तिला समजेना. चुलीपाशी बसली तर चुलीवरून भांडण, ओट्यावर बसली तर समोर नदी आणि नदीपलीकडे माहेर. पूर्वी तिकडे बघून जीव सुखावायचा. आता ती तिकडे पाठ करून बसे.

एप्रिलात तो सिंधी कापडवाला आला. दगूबाईनं हातवाऱ्यांनी त्याला बसवलं आणि सरळ गुजरीत विचारलं, कारण मगन शेतात होता. राज्यं वेगळी झाली म्हणजे काय होतं? तो बिचारा काय सांगणार, त्याला जे ठाऊक ते सांगितलं. रेघ पडली की जो जिथं असेल तो तिथंच राहतो. त्याची स्वतःची बहीण तिकडेच राहिली. बायका इकडच्या तिकडे अडकल्या, त्यांना पुढे दोन्ही सरकारांनी पोलीस घालून शोधलं आणि अदलाबदल केली. कुणाची लेकरं त्या बाजूला राहिली, ती राहिलीच.

तो त्याच्या रेघेबद्दल बोलत होता. पण अदलाबदल हा शब्द या घरात पडला आणि दगूबाई हबकली. सांजेपर्यंत ते बोरदेभर झालं, रात्र पडायच्या आत उंबरगव्हाणला पोचलं. एक मेला तापीवर रेघ पडणार, नाव बंद, पोलीस उभे राहणार. चार इयत्ता शिकलेल्या मगनलाही ते खरं वाटलं. नाही तरी पाकिस्तान असंच झालं होतं की. जसोदाबाईनं एवढंच मनाशी धरलं की एक मेच्या आधी तिला पलीकडे टाकलं, तर ही तिन्ही लेकरं तिला पुन्हा दिसायची नाहीत.

घाई दोन्ही काठांना झाली. आखाजी नेमकी दोन दिवस आधी येत होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या लेकीबाळींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला जातो, झाडांना झोके बांधतात, सासुरवाशीण चार दिवस मोकळं हसते. मगननं निरोप धाडला, आखाजीला ने आणि ठेवून घे. रूपचंदचाही तोच निरोप येत होता, दोन्ही निरोप वाहरूच्याच नावेत.

एका नावेचा तोडगा गावातल्या शहाण्यांनी काढला. उन्हाळ्यात तापीच्या मधोमध लांबलचक वाळू उघडी पडते, तिच्यावर टरबुजांच्या वाड्या लावतात. वाळूच्या दोन्ही अंगांना पाण्याची एकेक धार. वाळू कुणाच्याच काठाची नाही. तेव्हा वाहरूनं आधी जसोदाबाईला वाळूवर आणून सोडावं, मग वळसा घालून फुलवंताला आणावं. वाळूवर आणली म्हणजे पाठवली असं होत नाही, कुणी आधी नाही, कुणी मागं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंचांनी तर हे डोकं लढवल्याबद्दल एकमेकांची पाठ थोपटली.

आखाजीच्या सकाळी जसोदाबाई गाठोडं घेऊन नावेत बसली. धाकटा आजीच्या कडेवर होता, तो हसतच होता. त्याला वाटलं आई धुणं धुवायला निघाली. सुपडू आणि रमिला मात्र गाठोड्याकडे बघत उभी होती. वाहरूनं नाव वाळूला लावली, तिला उतरवलं, वळसा घातला आणि पलीकडून फुलवंताला आणलं. दोघी वाळूवर उभ्या. दोन्ही काठांवर माणसांची भिंत.

आणि आता वाहरूनं वल्हं खाली ठेवून दोन्हीकडे पाहिलं.

"आते सांगा, पहिले कोनले नेऊ?"

शहाण्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. वाळूवर आणण्याचा प्रश्न सुटला होता, वाळूवरून नेण्याचा तसाच होता. नाव एकच. उत्तर काठावरून मगननं हात हलवला, आधी तिकडची ने. दक्षिण काठावरून रूपचंदनं हात हलवला, आधी तिकडची ने. वाहरूनं थोडा वेळ वाट पाहिली, मग नाव खुंटीला बांधली आणि तो एका वाडीतल्या झोपडीच्या सावलीला जाऊन आडवा झाला.

ऊन चढलं. दोघी दुसऱ्या झोपडीच्या पडवीत बसल्या. आधी दोघींना काही बोलताच येईना, तोंडाला इतके दिवस कुलूप. मग फुलवंतानं गुजरीत विचारलं, कशी आहेस गं जसू, आणि बांध फुटल्यासारखं झालं. गुजरी, अहिराणी, मध्येच एखादा मास्तरांचा शब्द, जे तोंडाला येईल ते. फुलवंतानं सुरती उच्चार करून दाखवले. जसोदाबाईनं म्हशीची गोष्ट सांगितली. वाळूवर दोघी लोळून हसल्या आणि काठावरच्या माणसांना वाटलं, रडताहेत.

"तुझा भाऊ बघ कसा छत्री धरून उभाय," फुलवंता म्हणाली. "हट्टी मेला."

"आणि तिकडचा तुझा भाऊ. तोही तसलाच."

"तो तुझा नवरा आहे, त्याचं खापर माझ्यावर नको फोडू."

हसणं थांबलं तेव्हा दुपार कलली होती. जसोदाबाईची चोळी पुढून भिजली. लेकराची पिण्याची वेळ टळून गेली होती. तिनं पदर पुढे ओढला, पण फुलवंतानं पाहिलं. तिचीही दोन लेकरं उंबरगव्हाणच्या काठावर होती, त्यांतलं एक तापानं फणफणलेलं.

"परवा रेघ पडली की संपलं," फुलवंता म्हणाली. "माहेरात पडलो तर माहेरातच कुजायचं."

"परत गेलं तर न बोलावता आली म्हणतील."

"म्हणू देत."

"ओल्या पायांनी."

फुलवंता उठली. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं. जसोदाबाईनंही घेतलं. दोघी वाळूच्या मधोमध पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि एकदमच निघाल्या, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. कुणी आधी नाही, कुणी मागं नाही. ते मात्र त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही.

धारेत पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. तळाची वाळू पायाखालून सरकत होती. समोर काठावर कुणी पुढे येईना, कुणी मागं सरेना. मगन पाण्याच्या कडेला उभा होता. जसोदाबाई त्याच्यापासून दोन हातांवर, निथळत थांबली. तिला पुढे जायचं होतं आणि तो वाटेत होता.

"तुला बोलावलं कुणी?" त्यानं विचारलं. मराठीतच.

ती गुजरीत बोलली. सगळा गाव ऐकत होता, पंच, मास्तर, सगळे. "कुणी नाही. कुणाच्या बोलावण्यानं आले नाही. आता कुणाच्या पाठवण्यानं जाणारही नाही."

दगूबाईच पुढे झाली आणि म्हणाली, अगं पोर उपाशी आहे, घे आधी. हेही गुजरीतच. धाकटा आईच्या अंगावर झेपावला. ती ओल्या लुगड्यानं तिथंच वाळूत बसली आणि त्याला पाजायला लागली. तिच्यापाशी उभं राहून काय करायचं हे न सुचल्यानं माणसं हळूहळू पांगली. पलीकडे फुलवंताही आपल्या लेकरांपाशी पोचली होती.

एक मेला बोरदे महाराष्ट्रात राहिलं आणि उंबरगव्हाण गुजरातेत गेलं. मगन आणि रूपचंद दोघंही जिंकले. या काठावर गूळ वाटला, त्या काठावरही वाटला. जसोदाबाई मात्र दारातून नदीकडे बघत होती, पोलीस कधी येतात म्हणून. वाहरू नेहमीसारखा पलीकडून माणसं घेऊन आला तेव्हा तिनं त्याला अडवून विचारलं.

"कसाना पोलीस, वहिनी. घाटवर एक कुत्रं व्हतं, तेबी झोपेल व्हतं."

कुणी चिठ्ठी मागितली नव्हती, कुणी हटकलं नव्हतं. ती ओट्यावर खाली बसली. रेघ पडली होती म्हणे, पण तिच्यावरून माणसं, बकऱ्या, मिरच्यांची पोती, सगळं जात-येत होतं.

तिला तेवढं जाता येत नव्हतं. रूपचंदनं सांगून टाकलं, माहेराकडे पाठ करून गेली ती, मी मुराळी जाणार नाही. मगननं फुलवंताबद्दल तेच सांगितलं. सरकारनं उघडी ठेवलेली नदी या दोघांनी बंद केली. जसोदाबाईचं घर तिच्याकडे राहिलं, लेकरं राहिली, धाकटा पुन्हा तिच्या कुशीत निजायला लागला. चुलीपाशी ती वाटेल ते बोलायची आणि मगन ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण दिवाळी आली, कुणी आलं नाही. आई आजारी पडली, निरोप वाहरूकडून कळला. न्यायला कुणी नसताना माहेरच्या दारात जाऊन उभं राहणं तिच्यानं झालं नाही. ती रात्रभर ओट्यावर बसली. सकाळी पलीकडच्या मसणात धूर दिसला.

पुढच्या आखाजीला गावात झोके बांधले. लेकी आल्या, गाणी सुरू झाली. जसोदाबाईनं पुरणाच्या चार पोळ्या फडक्यात बांधल्या, लुगडं खोचलं आणि घाटाकडे निघाली. मगन ओट्यावर होता. कुठं निघालीस, त्यानं विचारलं. वाळूवर, ती म्हणाली. वाळूवर जाऊ नको म्हणायला त्याच्याजवळ काहीच कारण नव्हतं. वाळू कुणाच्या काठाची नाही, असं त्यानंच पंचांत मान्य केलेलं.

दुसऱ्या धारेतून फुलवंता येत होती, डोक्यावर टोपली.

मग दरवर्षी तसंच झालं. नदीला पाणी जास्त असलं त्या वर्षी नाही. टरबुजांच्या वेलींमध्ये दोघी सकाळी बसायच्या ते ऊन उतरेपर्यंत. तिथून दोन्ही काठ सारखेच लांब दिसत. एका वर्षी सांज व्हायला आली तरी जसोदाबाई उठेना, तेव्हा मगन घाटावर येऊन ओरडला, कधी येतेस? गुजरीत ओरडला, घाईत त्याच्या ध्यानात राहिलं नसावं.

"तुझा भाऊ हाक मारतोय," जसोदाबाई म्हणाली.

"मला नाही ऐकू आलं काही," फुलवंता म्हणाली आणि टरबुजाची आणखी एक फोड तिच्या हातावर ठेवली.